खडे ठेवले, पिशवी टाकली

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरींना मी पहिल्याच दिवशी सांगते, ‘अज्ञात’ टाकायला अक्कल लागत नाही, म्हणून तो टाकायच्या आधी मला येऊन भेटायचं. अज्ञात म्हणजे देवालाच ठाऊक असं नव्हे. अज्ञात म्हणजे कुणीतरी विचारायचा कंटाळा केला. फोन करा, आधीचे कागद मागवा, नर्सला भंडावून सोडा, आणि तरीही नाही कळलं तर मग टाका. बावीस वर्षांत माझ्या या बोलण्याला वैतागून दोघीजणी दुसऱ्या खात्यात गेल्या. गेल्या तर गेल्या.

कॅनडात, हॅमिल्टनमध्ये, कॅन्सरच्या नोंदी ठेवणाऱ्या एका ऑफिसात मी काम करते. डॉक्टर नाही, नर्स नाही. कारकून म्हटलंत तरी मला राग नाही. हॉस्पिटलांकडून ऑपरेशनचे, लॅबचे, मृत्यूचे कागद येतात. ते वाचून गाठ कुठल्या अवयवात उगवली, केवढी होती, पेशंट बाई की पुरुष, वय काय, जन्म कुठला, हे आम्ही रकान्यांत भरतो. त्या रकान्यांवर मग एपिडेमिऑलॉजीवाले, म्हणजे कुठला रोग कुठल्या लोकांत किती होतो ते शोधणारे, रंगीत नकाशे काढतात आणि कॉन्फरन्सला जाऊन एकमेकांना दाखवतात. टाळ्या वाजतात, लंच होतं. नकाशाखाली आमच्यासारख्या चार बायकांचे डोळे फुटलेले असतात, ते कुठल्या स्लाइडवर येत नाही.

यकृत, पित्तनलिका आणि पित्ताशय हे टेबल माझं. दुसऱ्या कुणाला नको होतं म्हणून माझ्या गळ्यात पडलं. पित्ताशय म्हणजे यकृताखाली लोंबणारी छोटी पिशवी, आणि पित्त आतड्यापर्यंत नेते ती पित्तनलिका. तिथला कॅन्सर थोड्या लोकांना होतो आणि होतो तेव्हा कळतो उशिरा. गाठ अवघड जागी असली की एक डॉक्टर लिहितो यकृतातली, दुसरा लिहितो नलिकेतली, आणि माणूस गेला की तिसरा मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं ‘लिव्हर’ खरडून घरी जेवायला जातो. एवढं शिकून यांना एक ओळ धड लिहिता येत नाही. ती धड करायची कुणी, तर मी.

पण कुणाला होतो ते मात्र मला तोंडपाठ. थायलंडच्या ईशान्येला नदीतले मासे कच्चे खातात, त्यांतला एक कृमी पित्तनलिकेत घर करून बसतो आणि वर्षानुवर्षांनी तिथे कॅन्सर होतो. युरोपात उत्तरेकडच्या लोकांच्या, आतड्याच्या एका दुखण्यासोबत, नलिका आक्रसत जातात, त्यातूनही होतो. पित्ताशयाचा बायकांना जास्त, खडे असणाऱ्यांना जास्त, चिलीत जास्त, आणि आपल्याकडे गंगेच्या काठाकाठाने जास्त. मंडळाच्या दिवाळी पार्टीत कुणी ‘तुम्ही नेमकं काय करता हो’ विचारलं की मी हे सगळं म्हणून दाखवायची. समोरच्याचा समोसा हातातच राहायचा. मला ते आवडायचं, खोटं काहून बोलू.

यात एक गोम आहे. जन्मस्थळाचा रकाना आमच्याकडे बहुतेक वेळा रिकामाच येतो. भरलेला आला तर ‘इंडिया’. पाटण्याची बाई आणि पणजीची बाई, दोघी एकाच शब्दात. म्हणजे आमच्या विदर्भातल्या बायकांना हा रोग किती होतो, हे माझ्या ऑफिसातल्या एकाही कागदावरून सांगायची सोय नाही. मला हे पक्कं माहीत होतं. त्यावर मी साहेबांना दोन लांबलचक ईमेल पाठवले होते. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे, असं त्यांत ठळक अक्षरांत लिहिलं होतं. उत्तर आलं नाही.

आता ताई. माझी सख्खी मोठी बहीण, इथून तासाभरावर वॉनला राहायची. आम्ही नागपूरच्या. आधी ती आली, मग तिच्या मागे मी. तिचे यजमान, आमचे भाऊजी, एका वेअरहाऊसमध्ये शिफ्ट सुपरवायझर. या माणसाला माहीत नाही असा विषय परमेश्वरानं निर्माण केलेला नाही. बेसमेंटमध्ये ओल का येते, बँक ऑफ कॅनडानं व्याजदर का वाढवले, इथल्या पाण्यात चहा नीट का उतरत नाही, सगळ्याची कारणं त्यांच्याकडे तयार. आणि सगळी चुकीची. मी तीस वर्षं ती खोडत आले. ताई म्हणायची, “अगं, राहू दे ना, त्यांना बोलायला मिळालं की ते भांडी घासतात.” भाऊजी मला मेहुणीबाई म्हणायचे, आणि मी त्यांना मनातल्या मनात काय म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ताईच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. फॅमिली डॉक्टरनं सोनोग्राफी केली, पित्ताशयात खडे निघाले. सर्जनकडे नाव गेलं, तिथून पत्र आलं की कित्येक महिने थांबा. मग आपल्या लोकांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. कुणी सांगितलं ॲपल ज्यूस आणि ऑलिव्ह ऑइल प्या, खडे विरघळतात. एका आयटीवाल्यानं पानफुटीची पानं खायला सांगितली. ती मूतखड्यावर देतात, पण त्याला किडनी आणि पित्ताशय यांतला फरक माहीत असायचं कारण नव्हतं, तो आर्किटेक्ट होता, सॉफ्टवेअरचा. शेवटी भाऊजींनी तोडगा काढला, तोच जो इथली निम्मी मराठी घरं काढतात. डिसेंबरात पुतण्याच्या मुंजीला नागपूरला जायचंच आहे, ऑपरेशन तिथेच उरकून घेऊ. भाऊजींचा शाळेतला मित्र सर्जन होता. म्हणजे दात, चष्मा, ब्लाउज आणि पित्ताशय, सगळं एकाच ट्रिपमध्ये.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, छान झालं. त्या दिवशी सकाळी साडेसातला मी घरापुढचा ड्राइव्हवे शोव्हल करत होते. फूटभर बर्फ, बस चुकायची वेळ, आणि भाऊजींचा फोन. तिकडे संध्याकाळचे सहा वाजले होते.

“मेहुणीबाई, एक विचारायचं होतं.”

“पटकन विचारा.”

आपल्याकडची पद्धत अशी, की काढलेलं पित्ताशय बरणीत औषधात बुडवून नातेवाइकाच्याच हातात देतात, वर एक चिठ्ठी, आणि सांगतात, लॅबमध्ये देऊन या. इथे ते आतल्या आत लॅबला जातं, पेशंटला दिसतसुद्धा नाही. ते तपासायचंच असतं, कारण डोळ्यांना न दिसणारी गाठ कधी कधी त्या पिशवीत सूक्ष्मदर्शकाखाली सापडते. तर भाऊजींच्या एका हातात खड्यांची काचेची बाटली होती आणि दुसऱ्या हातात पिशवीची बरणी.

“ही लॅबमध्ये द्यायलाच पाहिजे का गं? डॉक्टर द्या म्हणाला. पण लॅब पार सदरला, सातला बंद होते. गाडी पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेलीय, उद्या मुंज. तू म्हणशील तर ऑटो करून जातो.”

“आपल्यात नसतं हो ते. ते सगळं गंगेच्या काठचं. खडे तेवढे दाखवायला आणा.”

“नक्की ना?”

“भाऊजी, मी रोज तेच काम करते.”

फोन ठेवला, हातमोजा चढवला आणि उरलेला बर्फ बाजूला केला. बस मिळाली. त्या सकाळचं मला एवढंच समाधान आठवतं, की बस मिळाली. भाऊजींनी बरणी नर्सला परत केली, तिनं ती जिथे टाकतात तिथे टाकली.

खडे मात्र थाटात वॉनला आले. शोकेसमध्ये, ताईच्या लेकीच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या, ग्रॅज्युएशनच्या फोटोशेजारी ती बाटली बसली. सुपारीएवढा एक आणि बाकीचे बारके, शेवाळी रंगाचे. आल्या-गेल्याला भाऊजी बाटली हलवून दाखवायचे आणि खडे कसे बनतात यावर प्रवचन द्यायचे. भाची म्हणायची, “डॅड, दॅट्स सो ग्रोस.” मीसुद्धा हसायची. भाऊजींची चूक काढायची संधी मी कधी सोडली नाही, त्या बाटलीपुढेही नाही. कोलेस्टेरॉलचे खडे आणि रंगद्रव्याचे खडे यांतला फरक मी सगळ्यांना समजावून सांगितला होता.

पुढच्याच्या पुढच्या फेब्रुवारीत ताईला खाज सुटली. अंगभर, तळहातांनासुद्धा. भाऊजींचं निदान झालं की विंटरमध्ये हीटिंगनं हवा कोरडी होते, आणि ते कॉस्टकोतून ह्युमिडिफायर घेऊन आले. आठवडाभर तो बेडरूममध्ये भसाभसा वाफ सोडत होता. रविवारी मी गेले. ताई खिडकीशी मेथी निवडत होती, तिनं वर पाहिलं आणि तिच्या डोळ्यांतलं पांढरं मला हळदीच्या रंगाचं दिसलं. मी तिच्या हातातली जुडी काढून घेतली आणि तिला कोट घालायला सांगितला.

“काहून? कुठं जायचं?”

“हॉस्पिटलमध्ये.”

स्कॅन झाले, तुंबलेल्या नलिकेत नळी बसवली, तुकडा तपासायला गेला. आठ-दहा दिवसांनी तिथल्या डॉक्टरणीनं आम्हांला बोलावलं. तरुण मुलगी होती, नीट समोर बसून बोलणारी. ताई मध्ये, एका बाजूला भाऊजी, एका बाजूला मी. कॅन्सर आहे, नलिकेला वेढून बसलाय, यकृतातही गेलाय, काढता येणार नाही, केमो देऊ. मग तिनं विचारलं, आधी काढलेल्या पित्ताशयाचा रिपोर्ट आहे का.

ताईनं भाऊजींकडे पाहिलं.

“नाही,” भाऊजी म्हणाले. “लॅबला दिलंच नाही मी.”

“का?”

“घाई होती. माझी चूक.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. डॉक्टरीण म्हणाली की सुरुवात बहुधा त्या पिशवीतच झाली असावी, आणि तेव्हा कळलं असतं तर दुसरं ऑपरेशन करून ते मुळातून काढता आलं असतं. कदाचित, असंही म्हणाली. भली मुलगी, म्हणून म्हणाली. मी रोज असे कागद वाचते, त्या ‘कदाचित’चा अर्थ त्या खोलीत मलाच सगळ्यांत नीट कळत होता. पोरींना ‘विचारा, विचारा’ म्हणून दटावणारी ही बाई, उत्तर माहीत असून मुकी बसली. पर्सची चेन उघडत राहिली, लावत राहिली.

ताई औषधांच्या दुकानात गेली तेव्हा पार्किंगमध्ये मी म्हटलं, “भाऊजी, मी सांगते तिला.”

“थांब जरा,” ते म्हणाले.

त्या ‘थांब’ला मी जी घट्ट धरून बसले ती नऊ महिने. कुणी थांबायला सांगितलं म्हणून मी जन्मात कधी थांबले नव्हते, त्यांचं ऐकून तर मुळीच नाही. पण हे मला सोयीचं होतं. आज केमो आहे, आज नको. आज तिला बरं वाटतंय, आज कशाला. भाची आलीय. भाची नाहीये. मी भाऊजींना आयुष्यभर नावं ठेवली, पण इतकी फालतू कारणं त्यांनीसुद्धा कधी दिली नव्हती.

ताईला मरणाचा राग आला नाही, नवऱ्याचा आला. तो तिनं अगदी ठेवणीतला काढला. जेवताना, गोळ्या घेताना, वॉशरूमकडे त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन जाताना, तिचं एकच पालुपद. “एक बरणी नेता आली नाही यांना. साऱ्या जगाला अक्कल वाटत फिरतात बाप्पा, आणि घरच्या बाईची एक बरणी जड झाली.” भाऊजी म्हणायचे, “हो, चुकलं.” आणि मऊ भात आणायला उठायचे. ती बाटली शोकेसमधून काढा म्हणाली, त्यांनी काढली. एकदा तिनं त्यांच्यावर पाण्याचा ग्लास फेकला, तो लागला नाही, आणि ती रडली. त्यांनी मॉपनं पाणी पुसलं आणि या फरशीला पाणी का मुरत नाही ते सांगायला लागले. मग मध्येच थांबले.

त्यांची बडबड त्या नऊ महिन्यांत बरीच कमी झाली होती. इतकी वर्षं मला जे हवं होतं ते मिळालं, आणि ते गप्प घर मला ऐकवेना.

सप्टेंबरमध्ये एका दुपारी मी तिच्या पायांना तेल लावत होते. भाऊजी ग्रोसरीला गेले होते. ताई म्हणाली, “त्यांनी तेव्हा तुला फोन केला असता तर? तू सांगितलं असतंस ना गं, द्या म्हणून?”

मी म्हटलं, “हो.”

“मग काहून नाही केला यांनी फोन. एवढी हुशार बहीण आहे माझी.”

तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला. मी तेल लावत राहिले. हे लिहिताना मला माझीच किळस येते, पण तसंच झालं होतं, आणि मी दुसऱ्यांच्या कागदांवर अर्धवट लिहिलेलं कधी चालवून घेतलं नाही.

नोव्हेंबरात ताई गेली.

जानेवारीत तिचे कागद आमच्या ऑफिसात आले. येणारच होते, टेबलच माझं. नात्यातल्या माणसाची फाइल उघडायची नाही असा नियम आहे, म्हणून मी ती शेजारच्या टेबलावरच्या फिलिपिनो मुलीला दिली. तिला मीच शिकवलंय. दोन दिवसांनी ती माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

“एक रकाना राहिलाय. पित्ताशयाची तपासणी का झाली नाही, ते कुठल्याच कागदात नाही. तुम्हांला सांगायचं नसेल तर नका सांगू. पण अज्ञात टाकायच्या आधी विचारायचं, असं तुम्हीच शिकवलंय.”

“नातेवाइकानं नको म्हटलं,” मी म्हटलं.

“नवऱ्यानं?”

“नाही. बहिणीनं.”

तिनं हातातला कागद सरळ केला. मग म्हणाली, “कुटुंबानं नाकारलं, असा एक कोड आहे. तो टाकते.”

“टाक. आणि जन्मस्थळ नागपूर लिही. नुसतं इंडिया नको.”

“तिथे देशच निवडता येतो,” ती म्हणाली. हे मलाही ठाऊक होतं. असो. म्हणजे विदर्भातल्या बायकांचा जो रिकामा रकाना मी शून्य समजले, त्यातली एक बाई आता मोजली गेली, आणि तीही ‘इंडिया’ म्हणूनच.

त्या रविवारी मी वॉनला गेले. भाऊजी एकटेच होते. शोकेसमध्ये फोटोशेजारी बाटलीची गोल जागा रिकामी होती, तिथली धूळ पुसलेली नव्हती. मी कोटसुद्धा न काढता बोलून टाकलं. म्हटलं, “मी तिला सांगायला पाहिजे होतं. तुम्ही नऊ महिने माझ्या वाटच्या शिव्या खाल्ल्या. तुम्ही मला का थांबवलंत?”

त्यांनी शोकेसचं दार उगाच उघडलं, लावलं. या माणसाजवळ कारण तयार नाही असं मी पहिल्यांदाच पाहत होते. मग म्हणाले, “माझ्याशी भांडायची तिला सवय होती. तीस वर्षं भांडली, आणखी नऊ महिने भांडली, आणि भांडून झाल्यावर माझ्याच हातचं जेवली. तुझ्याशी ती कधी भांडलीच नव्हती. तिला कळलं असतं तर तिनं तुझ्याशी अबोला धरला असता. मग दुपारी तिच्या पायांना तेल कुणी लावलं असतं?”

मी खुर्चीत बसले, कोटासकट.

भाऊजींनी चहा ठेवला. आधण येईपर्यंत, इथल्या पाण्यात चहा नीट का उतरत नाही, हे त्यांनी मला पहिल्यापासून पुन्हा समजावून सांगितलं. सगळं चूक होतं. मी मध्ये बोलले नाही.